खवट वास ओळखणारे जनुक

मी एक जुने जनुक आहे. मित्रांनो, एका बाईंच्या प्रत्येक पेशीत माझा मुक्काम आहे. पण काम मिळते ते नाकाच्या अगदी वरच्या, अरुंद कोपऱ्यात. मी म्हणजे एक प्रथिन कसे घडवायचे याची सूचना. ते प्रथिन पेशीच्या केसासारख्या टोकांवर बसते आणि खवट वासाचे कण आले की मेंदूला खबर धाडते.

आम्ही कामसू भावंडे सुमारे चारशे. त्याहून जास्त भावंडे कित्येक पिढ्यांपूर्वीच बिघडून कायमची मुकी झाली. त्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून राहावे लागते. त्यात भर म्हणजे, वास घेणारी प्रत्येक पेशी आमच्यातल्या एकालाच निवडते. ती मेली की नवी येते, आणि निवड पुन्हा होते.

बाई दूध संकलन केंद्रात तपासनीस. कॅनचे झाकण उचलायचे आणि कोंडलेली हवा निसटण्याआधी नाक खाली न्यायचे. त्यांनी मान डोलावली तरच दूध मोठ्या टाकीत. "ताईंचं नाक म्हणजे यंत्र!" असे टेम्पोचा ड्रायव्हर म्हणे.

मग बाईंना ताप आला. माझ्या पेशी एकामागून एक गेल्या. बाई कामावर परतल्या, पण वास येत नाही हे कोणालाच बोलल्या नाहीत. सवयीने झाकण उचलायच्या, वाकायच्या, मान डोलवायच्या. मी मात्र धास्तावलेले. एक खवट कॅन आत गेला की सगळी टाकी बिघडणार, आणि ते दूध पाळणाघरातही जायचे. नवी पेशी मला निवडेल का?

एका सकाळी मोजक्या कोवळ्या पेशींनी मला निवडले. झाकण उघडले. माझी खबर इतकी क्षीण, की बाईंना भासच वाटला.

"घ्या ना ताई, उशीर होतोय," ड्रायव्हर म्हणाला.

बाईंचा हात थांबला. पलीकडच्या रांगेत दुसऱ्या तपासनीस होत्या; त्यांना सगळे मावशी म्हणत.

"मावशी, जरा बघता?"

"यंत्राला माझी गरज? नवलच!" मावशी वाकल्या आणि झटकन मागे सरल्या. "अगं, हे खवट झालंय! तुला कळलं नाही?"

"तापापासून वासच येत नाही हो."

"मग इतके दिवस काय झाकणांना नमस्कार घालत होतीस?"

बाईंना हसू आले आणि रडूही. मावशींनी कॅन बाजूला सारला. "आधी सांगायचं ना गं. उद्यापासून मी उभी राहते शेजारी."

मित्रांनो, नाक गप्प झाले तर लपवू नका; घरी सांगा, डॉक्टरांना सांगा. आम्ही फार सूक्ष्म आहोत, ओरडू शकत नाही. पुढच्या पेशी मला निवडतील की नाही, मला ठाऊक नाही. पण आता प्रत्येक कॅनवर दोन नाके वाकतात, आणि माझी धास्ती निम्मी होते.