आक्कांच्या दोन सऱ्या

मी एक जुनी किसणी आहे. मित्रांनो, स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही. बटाटे किसणाऱ्या पितळी पत्र्याकडे सांगण्यासारखे काय असणार, असेही मनात येते. पण स्वयंपाकघरातल्या ज्या खणात मी पडून होते, त्याच खणात माझ्या अंगावर एक पत्र ठेवलेले होते. त्याला उत्तर गेलेच नव्हते. त्या पत्रामुळे माझे दिवस पालटले, म्हणून आधी त्याच्याबद्दल सांगते.

पत्र आवडाबाईंचे होते. त्या मंचरजवळच्या एका गावात बटाट्याची शेती करतात. आमच्या घरी सगळे त्यांना आक्का म्हणतात. त्यांचे धाकटे भाऊ परशुराम डोंबिवलीत, कोपर स्टेशनजवळ राहतात. तेच माझे मालक. आक्कांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून त्या अजूनही पोस्टकार्ड लिहितात. त्यांनी लिहिले होते, "परशा, तुमच्या घरासाठी दरसाल दोन सऱ्या बटाटा वेगळा लावते. आता नंदा नाही. कीस कोण करणार? यंदा लावू का नको, तेवढं कळव."

नंदाताई म्हणजे परशुरामांची पत्नी. त्यांना जाऊन तेव्हा काही महिनेच झाले होते.

परशुरामांचा जन्म ठाण्याच्या एका वाचनालयात पुस्तके देण्याघेण्यात गेला. पण बहिणीला चार ओळी लिहायला बसले की पेन अडायचे. 'नको' लिहावे तर वर्षानुवर्षांचा धागा आपल्याच हाताने तोडल्यासारखा. 'लाव' लिहावे तर कीस करणार कोण? त्यांनी लिहिले, फाडले, पुन्हा लिहिले. शेवटी कार्ड माझ्यावर ठेवले आणि खण लोटून दिला. लावणीचे दिवस निघून गेले.

तशी माझी सुरुवात चांगली झाली होती. एका कारागिराने पितळेचा पत्रा ठोकून सपाट केला, त्याला ओळीने भोके पाडली आणि सागवानी चौकटीत मला बसवले. ठाण्याला जांभळी नाक्यावरच्या दुकानात नंदाताईंनी मला पाहिले. अंगठा अलगद फिरवून म्हणाल्या, "हिला धार आहे. हीच द्या." एवढे कौतुक मला पुष्कळ झाले.

त्यानंतर दर फाल्गुनात माझा सण असायचा. गावाहून बटाट्यांचे पोते आले की नंदाताई ते अर्धेकच्चे उकडत. सुरी टोचली तर ती आत थोडी अडली पाहिजे, हा त्यांचा नियम. मग आम्ही सगळे गच्चीवर. पाण्याच्या टाकीपासून दूर, भर उन्हात प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि त्यावर मला आडवे धरून थेट किसायचे. एका जागी ढीग होऊ द्यायचा नाही. माझ्या पोटाखालून पांढऱ्या तारांचा पाऊस पडत पुढे सरके. वाळला की त्यातला अर्धा डबा गावी जायचा. बटाटे यायचे, कीस जायचा. भाऊ-बहिणीचा पत्रव्यवहार म्हणाल तर तोच होता.

एका वर्षी आक्का स्वतः आल्या होत्या. किसता किसता त्यांनी सगळी शेती सांगितली. बेण्याच्या बटाट्याच्या फोडी करताना प्रत्येक फोडीला डोळा राहिला पाहिजे, म्हणजे त्यातून कोंब येतो. फोडींना राख चोळायची. सरीत लावून पुढे मातीची भर द्यायची, नाहीतर ऊन लागून बटाटा हिरवा पडतो. पाला पिवळा झाला की पाणी तोडायचे आणि मग काढणी.

"एवढं करून आम्ही त्याचा चिवडा करतो होय, वन्सं," नंदाताई म्हणाल्या.

"करा की. पर बोटं बघ. चिवड्यात तुझी अंगठी सापडंल माझ्या भाच्याला."

दोघी इतक्या हसल्या की मीही चौकटीत हलले.

म्हणून खणातला काळोख मला जड गेला. तक्रार करत नाही. धूळ बसली, पितळ काळवंडले, चौकटीचा एक खिळा सैल झाला. वरचे पत्र मात्र कोरडे राहिले.

मग फाल्गुनात दाराची घंटा वाजली. गावाकडचा धोंडीबा टेम्पो घेऊन कल्याणच्या मार्केटात आला होता. त्याने खांद्यावरचे पोते दारात टेकवले.

परशुराम गोंधळले. "अरे, मी तर आक्काला कळवलंच नव्हतं."

"आक्का म्हनल्या, उत्तर आलं न्हाई म्हंजे नको म्हनला असं थोडंच हाय. लावल्या दोन सऱ्या." धोंडीबाने घाम पुसला. "पर काका, आता त्यांचं गुडघं वाकत न्हाईत. पुढच्या सालाला तुमचं बेणं राखायचं का न्हाई, ते मातुर कळवा. न्हाईतर समदाच माल व्यापाऱ्याला देत्यात."

तो गेल्यावर परशुराम बराच वेळ पोत्याजवळ बसून होते. त्यांची सून कल्पिता कामावरून आली तेव्हाही ते तिथेच होते.

"बाबा, आपण करायचा का कीस?" तिने विचारले. "रविवारी मला सुट्टी आहे."

"मला जमेल?"

"मला तरी कुठे येतो? दोघं मिळून बिघडवू."

खण उघडला. कार्ड बाजूला ठेवून त्यांनी मला चिंचेने घासले. मित्रांनो, उजेड किती सुंदर असतो ते तेव्हा कळले.

पण रविवार येण्याआधीच एक चूक होऊन गेली. उन्हाळ्याने बटाट्यांना कोंब येतील, या काळजीने परशुरामांनी अर्धे पोते फ्रिजमध्ये भरले होते. ओट्यावरून मला ते दिसत होते, सांगता येत नव्हते. रविवारी तेच बटाटे उकडले. नियमाप्रमाणे सुरी टोचून पाहिली. गच्चीवर परशुरामांनी मला आडवे धरले आणि कीस सुटा पडला. कडक वाळला. कल्पिताने मूठभर तेलात टाकला आणि क्षणात तो लाल झाला.

तिचा नवरा प्रफुल्ल तोंडात टाकून म्हणाला, "गोड लागतोय. वर करपट. रंग एकदम विटेचा आलाय."

"तू फक्त खायला ये," कल्पिता म्हणाली.

परशुरामांनी वाळलेल्या किसाच्या डब्याचे झाकण लावले. म्हणाले, "हा कसा पाठवायचा आक्काला? जाऊ दे. तिला सांगू, नको ठेवूस बेणं."

कल्पिता गॅस बंद करून उभी राहिली.

"बाबा, आई बटाटे कुठे ठेवायच्या?"

"पलंगाखाली. पेपरवर पसरून. फ्रिजमध्ये जागा नसेल म्हणून."

"जागा नसेल? तुमच्या औषधांना अख्खा कप्पा होता. मुद्दामच ठेवत नव्हत्या त्या. गारठ्याने गोड होत असतील बटाटे. उरलेलं अर्धं पोतं कोपऱ्यातच आहे ना?"

पुढच्या रविवारी पोत्यातले बटाटे उकडले. परशुरामांनी ते गच्चीवर किसले, कीस जरा जाड पडला. वाळलेला कीस तेलात पडला आणि फुलून वर आला. पांढरा. परशुरामांनी एक तार खाल्ली, मग दुसरी, मग चष्मा पुसला.

पत्र लिहिताना मात्र पुन्हा तेच. सादर प्रणाम, मग कुशल, मग उशिराची कारणे. कल्पिताने डोकावून पाहिले. "बाबा, आक्कांनी एकच प्रश्न विचारलाय."

तेव्हा त्यांनी नव्या कार्डावर लिहिले, "आक्का, बेणं राख. दोन सऱ्या लाव. कीस पाठवला आहे, थोडा जाड झालाय. परशा."

मित्रांनो, मोठा उपदेश करण्याची माझी योग्यता नाही. तुमच्या घरी माळ्यावर, खणात माझ्यासारखे कुणी असेल तर वर्षातून एकदा तरी बाहेर काढा. वापरल्यावर लगेच धुवा, पुसून कोरडे ठेवा. आम्हाला त्याहून जास्त काही नको असते.

दुसऱ्या दिवशी परशुरामांनी मला पिशवीत घेतले, सैल खिळा ठोकून आणायचा होता. वाटेत पोस्ट लागले. खिडकीतल्या बाईंनी पार्सल हलवून पाहिले.

"आत काय आहे, आजोबा?"

"कीस. बटाट्याचा. बहिणीला."

"पिशवी डबल लावलीय ना? नाहीतर सादळतो."

"सुनेने लावली आहे."

पार्सल आत गेले. कार्ड मात्र अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होते. बाहेरच्या लाल पेटीजवळ त्यांनी ते काढले, एकदा वाचले, 'जाड' शब्दापाशी थोडे थांबले. मग काहीही न खोडता पेटीत सोडले. ते तळाशी पडल्याचा बारीक आवाज मला पिशवीतूनही ऐकू आला.