शेवटची खाच

दुसऱ्या दिवशीही राव्द्ना मागेच पडत होती. खुरट्या भूर्जांमधून चालताना तिचे बूट दलदलीत रुतत, आणि आस्लाक काका दर टेकाडावर थांबून तिची वाट बघत.

"तुझ्या शहरातल्या ग्रंथालयात नोकरी करताना पायांना सुट्टीच असते वाटतं?"

"नसते. पण तिथली जमीन बूट खात नाही, काका."

सोनचिखल्या पक्षी कुठूनतरी एकसुरी शीळ घालत होता. दरीपलीकडे बर्फाच्या उरल्यासुरल्या पट्ट्यावर रेनडियर दाटीवाटीने उभे होते. जुलैत डासांपासून तेवढीच सुटका. कळप दिसला की बाबा आवाज खाली आणायचे. आता काकांनीही आणला. बाबा मार्चमध्ये गेले, कळप किनाऱ्याकडे निघायच्या पंधरा दिवस आधी.

नदीकाठी त्यांनी कॉफी उकळली. काकांनी इकडच्या रीतीप्रमाणे तिच्या पेल्यात चीजचे तुकडे टाकले आणि मग विषय काढला.

"उद्या पाडसांचे कान कापायचेत. काय ठरवलंस?"

बाबांच्या माद्यांना या वर्षी दहा पाडसं झाली होती. रेनडियर कुणाचा ते कानावर कापलेल्या मालकाच्या खुणेवरून कळतं, पण मेलेल्या माणसाची खूण नव्या कानावर कापत नाहीत. आधी कुणी तरी ती आपल्या नावावर घ्यावी लागते. काकांच्या मुलाला, इस्सातला, ती आपल्या तान्ह्या मुलीसाठी हवी होती. दिली, तर पाडसं त्या मुलीची आणि बाबांची खूण चालू राहील. नाही तर राव्द्नाने स्वतःची खूण कापायची. मग पाडसं तिची, आणि बाबांची खूण म्हाताऱ्या माद्यांबरोबर संपणार.

"तुझी खूण कापलीस तर दर उन्हाळ्यात यावं लागेल," काका म्हणाले. "सहा वर्षं इथे तोंड दाखवलं नाहीस. मी राखेन, पण किती दिवस? इस्सातच्या पोरीला देऊन टाक, मोकळी हो."

रुग्णालयात बाबांनी विचारलं होतं, "यंदा येशील ना?" आणि फोनवरची नजर न काढता ती म्हणाली होती, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडवाड्यात धूळ, केस आणि हंबरणं यांचा एकच गोंधळ चालला होता. बाबांची एक मादी पाडसाला घेऊन गोल गोल धावत होती. इस्सातने फास टाकून पाडसू धरलं आणि राव्द्नाच्या गुडघ्यांत दिलं.

"कुणाची कापायची, ताई?"

"माझी."

इस्सातचा चेहरा पडला. पण तो बाजूला झाला.

पाडसाचं काळीज तिच्या मांडीला धडधडताना लागत होतं. तिने उजव्या कानाचं टोक कापलं, मग डाव्या कानाला खालून दोन खाचा. लहानपणी भूर्जाच्या सालीवर बाबांनी गिरवून घेतलेले कापे. हाताला आठवत होते. तिची खूण म्हणजे बाबांचीच खूण, वर एक खाच जास्त. तिच्या बारशाला त्यांनी ती वाढवली होती.

ती थांबली.

"काय झालं?" काकांनी विचारलं. मग त्यांनी कान पाहिले.

एवढ्यावर सोडलं तर पाडसू बाबांचं होतं. ओले, ताजे, बाबांचेच कान.

"पोरी, ते कासावीस झालंय," काका हळूच म्हणाले. "धरून नको ठेवूस."

तिने डावा कान पुन्हा चिमटीत धरला आणि वरच्या बाजूला खाच मारली. पाडसू झटका देऊन सुटलं, आईकडे धावलं. मादीने त्याचा कान हुंगला आणि ती तो चाटायला लागली.

राव्द्नाने सुरी पँटला पुसली.

"अजून किती?"

"नऊ," इस्सात म्हणाला. "बाकीची मी करू का?"

"नको. आण पुढचं."