दडे आणि बटाटे

लांब पल्ल्याच्या त्या गाडीत जेवणाच्या डब्यातला स्वयंपाक नुकताच आत्याच्या हाती आला होता. घरी तिच्या हातचा बटाटा जिभेवर विरघळायचा. गाडीत मात्र परवा जाताना एका प्रवाशाने तो काट्याने टोचला आणि विचारलं, "बटाटे आहेत की गोटे?" तक्रार वरपर्यंत गेली. आज परतीच्या प्रवासात तपासनीस साहेब स्वतः जेवायला बसले होते. बटाटे पुन्हा कच्चे निघाले तर हे स्वयंपाकघर बंद, मग स्टेशनवरून बांधून आलेलं थंडगार जेवण, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

सुट्टी होती म्हणून भाची आत्याबरोबर आली होती. दिवसभर तिचं "का? का?" चालायचं, त्यामुळे वाढपीकाकांनी तिचं नाव कावळी ठेवलं होतं.

गाडी डोंगर चढत होती. पातेल्यात पाणी खळखळत होतं. आत्याने सुरी खुपसून पाहिली. बटाटा टणक!

"नेहमीइतकाच वेळ ठेवलेत गं. उकळी तर केव्हाची फुटलीय!" आत्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"साहेबांना घाबरले असतील, ताई," वाढपीकाका म्हणाले. "अंग आखडून बसलेत."

"तुम्ही गप्प बसा हो!"

कावळी कान चोळत होती. "आत्या, माझ्या कानात दडे बसलेत. परवा पण बसले होते, तू बटाटे उकडत होतीस तेव्हाच. का?"

"डोंगर चढताना बसतातच. वर हवा विरळ असते."

"मग ते पाण्याला पण कळतं का?"

आत्या ओरडणार होती, पण थांबली. दुधासाठी ठेवलेला तापमापक तिने पातेल्यात बुडवला. सपाटीवर उकळत्या पाण्यात काटा शंभरला टेकायचा. इथे तो नव्वदलाच अडला. तिने आच वाढवली. पाणी आणखी उड्या मारू लागलं, काटा मात्र जागचा हलेना.

"अगं बाई! उथळ पाण्याला खळखळाट फार, तशातली गत!" आत्या म्हणाली. "खाली हवा पाण्याच्या डोक्यावर दाबून बसते. चांगलं तापल्याशिवाय ती त्याला उकळू देत नाही. इथे तेवढं दाबणारं कोणी नाही, म्हणून पाणी पुरतं तापायच्या आधीच नाचायला लागलं."

"आणि आपण नाच बघून फसलो!" वाढपीकाका म्हणाले.

"फसलो खरं. गाडी खाली उतरेपर्यंत हे शिजायचे नाहीत. तोवर साहेबांना सूप द्या."

"सूप दोनदा झालंय," वाढपीकाका कुजबुजले. "आता मी नाही जायचा बाहेर."

मग कावळीच गेली. "साहेब, तुमच्या कानात दडे बसलेत का?"

"बसलेत. तुला काय करायचंय?"

"मग बटाटे शिजायला वेळ आहे. गाडी उतरली की वाढतो."

शेजारच्या टेबलावर हशा पिकला. साहेब मात्र कानात बोट घालून विचारात पडले.

गाडी सपाटीला लागली तेव्हा ताट आलं. साहेबांनी काटा नुसता टेकवला आणि बटाट्याची दोन शकलं झाली. त्यांनी सगळे संपवले, आणखी मागितले, मग आत्याला बोलावलं.

"स्वयंपाकघर राहू दे. या मार्गावर जेवणाची वेळ बदलायला सांगतो." त्यांनी काटा खाली ठेवला. "पण बाई, माझ्या कानाचा आणि बटाट्याचा संबंध काय? का होतं असं?"

"घ्या!" वाढपीकाका म्हणाले. "आता कावळे दोन झाले."