काळी पाचची तबकडी

माझी बायको झुंबर मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली आणि चौदाव्या दिवशी मी गाण्याच्या तबकड्या पुसायला काढल्या. दोनशे ऐंशी तबकड्या. एकेक पाकिटातून काढायची, मऊ फडक्यानं गोल पुसायची, परत आत सरकवायची.

"तेरावा हुतोय न हुतोय तवर ह्यो गडी ताटल्या पुसतोय," शेजारीण दारावरून जाताना म्हणाली, मला ऐकू जाईल अशीच. एरवी तबकडी आणि ताटली यातला फरक मी तिला घसा ताणून समजावला असता. त्या दिवशी मला राग आला नाही.

रडू येईल म्हणून मी वाट पाहत होतो. ते आलं नाही. भूक लागत होती, झोप येत होती, कचेरीतून निरोप आला की जाऊन काम करत होतो. त्या आश्विनात गावात इतकी माणसं गेली की पंचगंगेच्या घाटावर लाकडं पुरेनात. कोण कुणासाठी रडणार? तरी पण माझी बायको गेली होती, आणि माझ्या आत काहीच हलत नव्हतं. दाढ काढल्यावर जीभ बधिर गालाला लागते, तसं काहीतरी.

मी बाळासो. महाराजांच्या दरबारात, दफ्तरखान्यात कारकून. पण गावात मला ओळखतात ते फोनोवाला म्हणून. गंगावेशीत माझ्या माडीवर दर रविवारी सकाळी बैठक असायची. पाच-सहा दर्दी यायचे. चहा व्हायचा आणि मग खेळ सुरू व्हायचा. राग एकच, पण गाणारे दोन आणि तबकड्या दोन. कोण गातंय ते मी सांगायचो नाही. गाणं संपलं की तबकडीतच गाणारा आपलं नाव सांगतो, म्हणून त्याच्या आधीच मी सुई उचलायचो. मंडळींनी निकाल द्यायचा, मग सुई परत टेकवायची आणि नाव ऐकायचं. भल्याभल्यांची फजिती व्हायची.

आता एक गाणारी उंच पट्टीत गाते, दुसरी खालच्या. उंच सूर कानाला लगेच गोड लागतो, मग न्याय कसला व्हायचा? म्हणून मी एक युक्ती काढली होती. फोनोला वेग कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. शेजारी पेटी ठेवायची, काळी चारचा सूर धरायचा, आणि दोन्ही तबकड्या स्क्रू पिळून त्या सुरावर आणायच्या. वजनं सारखी केल्याशिवाय तराजू हातात धरू नये, असं मी म्हणायचो. मंडळी माना डोलवायची. सांगली-साताऱ्यापर्यंत माझ्याइतका काटेकोर माणूस नाही, असं माझं मलाच वाटायचं.

झुंबर गाणाऱ्या घरातली. तिच्याशी मी रीतसर लग्न केलं तेव्हा माझ्या भावकीनं दारात पाऊल टाकायचं सोडलं. लग्नाआधी पुण्याला तबकड्या काढायला कंपनीचा गोरा साहेब आला होता, तेव्हा तिची एकच तबकडी निघाली. राग भूप. सारंगीच्या साथीला आमचे गैबीभाई होते.

लग्नाला वर्ष झालं असेल. एका रविवारी मी मुंबईच्या एका नामांकित बाईचा भूप लावला, आणि मागोमाग, कुणाला काही न सांगता, झुंबरचा. गैबीभाई त्या दिवशी जलशासाठी मिरजेला गेले होते. खरं सांगायचं तर झुंबरच सरस ठरणार, अशी माझी खात्री होती. सगळ्यांनी वाहवा म्हणावं आणि मग नाव यावं, असा माझा बेत होता. मुंबईची बाई मुळातच काळी चारमध्ये गायलेली, तिच्यासाठी स्क्रूला हात लावावा लागला नाही. झुंबर उंच होती. तिला मी खाली आणली. तीन मिनिटांची तबकडी त्या दिवशी जवळजवळ साडेतीन मिनिटं चालली, आणि मी कारकून असून ते माझ्या ध्यानात आलं नाही.

नावाच्या आधी सुई उचलून मी म्हणालो, "बोला."

"दुसरी बाई झोपंत गातीया," एक जण म्हणाला.

"आवाज जड हाय. ताना चिखलातनं चालल्यागत."

सगळे हसले. मीही हसलो. आज सांगताना लाज वाटते, पण हसलो. मग सुई टेकवली आणि तबकडीतून झुंबरचं नाव आलं.

झुंबर चहाचं तबक घेऊन दारातच उभी होती.

"ह्यो माझा सूर न्हाई," ती म्हणाली. "मी एवढी रेंगाळत गायलेच न्हाई."

चार माणसांत माझीच फजिती झाली होती. मी म्हणालो, "अगं, यंत्राला नातीगोती नसतात. जे हाय ते हाय."

तिनं तबक खाली ठेवलं आणि आत गेली. त्या दिवसापासून ती माझ्या घरात गायली नाही.

आधी मला वाटलं रुसवा आहे, उतरेल. मग त्याची सवय झाली. मनातल्या मनात मी निकाल मान्यही करून टाकला होता, की बायको म्हणून ही सोन्यासारखी आणि गाणारी म्हणून बेताची. सहा वर्षं अशी गेली. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. दर गुरुवारी दुपारी ती दत्ताला जायची आणि येताना खडीसाखर आणायची. मी प्रसाद कपाळाला लावून तोंडात टाकायचो आणि तबकड्यांकडे वळायचो.

तर त्या चौदाव्या दिवशी पुसता पुसता तिची तबकडी हाताला लागली. पुसली आणि लावली. हात सवयीनं स्क्रूकडे गेला, पेटीवर काळी चार धरली, तबकडी त्या सुरावर आणली. तोच जड आवाज. मी शेवटपर्यंत ऐकली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली. काही वाटतंय का, ते बघत होतो. काही वाटत नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. गैबीभाई वर आले, चौकटीतच थांबले आणि कान टवकारले.

"हे काय लावलंयसा?"

"झुंबर."

"ही झुंबरबाई?" ते चपला न काढताच आत आले. एरवी तसं कधी करत नसत. "बाळासो, पुण्याला मी तिच्या शेजारी बसलोतो. माझी सारंगी काळी पाचला मिळवल्याली. ह्यो कुठला सूर?"

मी त्यांना माझी युक्ती पुन्हा एकदा सांगितली. वजनांचं आणि तराजूचं सांगितलं. सांगतानाच माझा आवाज बारीक होत गेला. गैबीभाईंनी पेटी पुढं ओढली आणि काळी पाचवर बोट ठेवलं.

"हितं आणा तिला."

मी स्क्रू फिरवला. आवाज वर चढला, हलका झाला, उजळला. चिखलातून चालणाऱ्या ताना परकर आवरून पळणाऱ्या पोरींसारख्या धावायला लागल्या. ही ती बाई होती, जिच्यासाठी मी भावकी सोडली होती.

मला पहिलं काय वाटलं ते सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. चूक सापडली याचा आनंद झाला. मी तबकड्यांची वही उघडली आणि तिच्या नावापुढं लिहिलं, 'काळी पाच'. शाई वाळावी म्हणून फुंकरही घातली.

गैबीभाई बघत होते. "लिव्हा, लिव्हा," ते म्हणाले. "ती म्हणायचीच."

"काय म्हणायची?"

"म्हणायची, गैबीभाई, माझी तबकडी खालच्या सुरात लावत्यात, पर त्यास्नी सांगू नगा. सांगितलं तर ते स्क्रू पिळत बसतील. मला ऐकायचं त्येंच्या ध्यानात यायचं न्हाई." गैबीभाईंनी डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. "माझ्या कानानं मी आजच ऐकलं. मला शपथ घातल्याली. आता ती न्हाई, शपथ बी न्हाई."

"कधी म्हणाली असं?"

"गुरवारी. आमच्या घरात."

मग त्यांनी सगळं सांगितलं. झुंबर सहा वर्षांत एकदाही दत्ताला गेली नव्हती. दोन गल्ल्या ओलांडून ती गैबीभाईंच्या घरी जायची. ते सारंगी काढायचे आणि ती तास-दीड तास गायची. त्यांची बायको, हाफिजाभाभी, उकडतं म्हणून दार लावायच्या नाहीत.

"म्हंजे बाहेर ऐकू जायचं?" मी विचारलं.

"गल्ली सगळी ऐकायची की. गुरवारी हातमागाचा खटखटाट बी बंद ठेवायची माणसं. तुमी सोडून समद्यांनी ऐकलंय, बाळासो."

म्हणजे सहा वर्षं मी हाफिजाभाभींच्या डब्यातली खडीसाखर दत्ताची म्हणून खाल्ली. दूरदूरच्या गावांहून गाणाऱ्यांचे आवाज रेल्वेनं मागवले, आणि दोन गल्ल्यांपलीकडं पाय गेला नाही. हे सगळं मला कळत होतं, चांगलं स्वच्छ कळत होतं. पण दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसं. तबकडी संपून नुसती खरखर चालली होती. सुई उचलायला मी विसरलो. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

गुरुवारी दुपारी, तिच्याच वेळेला, मी गैबीभाईंच्या घरी गेलो.

"या भावजी," हाफिजाभाभी म्हणाल्या आणि न विचारताच जागा दाखवली. खिडकीखाली एक चटई होती. "हितं बसायची. भिताडाला कधी टेकली न्हाई."

मी चटईवर बसलो नाही, समोर बसलो. आणि जन्माची खोड, तोंडातून निघालंच, "कशी गायची? तबकडीपेक्षा बरी का?"

गैबीभाई चिडले नाहीत. "तबकडी तीन मिंटांची," ते म्हणाले. "तीन मिंटं तर तिला नुसतं सुरात बसाय लागायची."

"थोडं वाजवून दाखवा. तिनं गायलेलं."

त्यांनी खुंटीवर गवसणीत अडकवलेल्या सारंगीकडं पाहिलं आणि मान हलवली. "माझ्यानं न्हाई हुईत."

तेवढ्यात दारात ताकवाली आली. डोईवर मडकं, कपाळावर घाम. हाफिजाभाभींनी मडकं उतरवायला हात लावला आणि मला म्हणाल्या, "हिला इचारा. ही बायडाबाई. सहा वर्सं गुरवारचं ताक हिनं ह्याच येळंला आणलंय. पायरीवर बसून समदं ऐकायची. हिला पाठ हाय."

"मला कुठलं पाठ?" बायडाबाई म्हणाली. "जनावरांमागं फिरताना आपलं गुणगुणती. त्यात काय कळतंय मला?"

"म्हणून दाखवता?" मी विचारलं.

"आत्ता? लोकं हसतील की."

"कोण हसायचं न्हाई," मी म्हणालो. हे मी म्हणत होतो.

ती उंबऱ्यावर बसली, पदर तोंडाशी धरला आणि गायला लागली. शब्द निम्मे गिळलेले, सूर हलणारा, आवाज उन्हातान्हात ओरडून फाटलेला. पेटीवर धरायला गेलो असतो तर कुठल्याच पट्टीत सापडला नसता. मी मान खाली घालून ऐकत होतो. मग ती वरच्या षड्जाच्या अलीकडे आली आणि थांबली. दम लागला म्हणून नाही. सूर अगदी समोर दिसतोय, हात लांबवला तर मिळेल, आणि तरी घाई नाही, अशी थांबली. आणि मग अलगद वर गेली.

ते थांबणं बायडाबाईचं नव्हतं. ते तबकडीतही नव्हतं. तबकडीला थांबायला वेळ नसतो. ते झुंबरचं होतं, आणि मी ते जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो.

मला कुठूनतरी विचित्र आवाज ऐकू आला. तो माझ्याच गळ्यातून येत होता. हाफिजाभाभींनी तोंड फिरवलं. बायडाबाई मध्येच गप्प झाली आणि घाबरून माझ्याकडं बघायला लागली.

"काय झालं, पावणं?" तिनं विचारलं. "चुकलं व्हय माझं?"

"न्हाई," मी म्हणालो. "चुकलं न्हाई. परत म्हणा."