गिलाव्याखालची भेग

"पाहणी होईपर्यंत घराला हात लावू नका. पडलेली वीटसुद्धा उचलू नका!"

भूकंपानंतर चौथ्या दिवशी गाडीवरच्या कर्ण्यातून आलेला तो आवाज सहा महिने झाले तरी तिच्या कानातून जात नव्हता. कारखान्यात शर्टांची काजं-बटणं करताना, भाड्याच्या खोलीबाहेर पाण्याच्या रांगेत उभी असताना, केव्हाही यायचा. कारण तो तिने नीट ऐकला होता, आणि ऐकूनही सासऱ्यांना सिमेंट-वाळूचा माल कालवून दिला होता.

सासरे जन्माचे गवंडी. घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. त्याला पायापासून छपरापर्यंत चीर गेली, तेव्हापासून म्हातारा अन्नाला शिवला नाही की कुणाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी थापी शोधून काढली आणि म्हणाले, "सूनबाई, माल कालव." इतक्या दिवसांनी तोंडातून फुटलेले ते पहिले शब्द. त्यावर नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही. दोघांनी मिळून भेगा भरल्या, गिलावा केला, वर चुन्याचा हातही दिला.

पाहणीचे साहेब आले, भिंतीवरून बोट फिरवलं. "तुमच्याकडे भूकंप नुसता चहा पिऊन गेला वाटतं," म्हणाले, आणि कागदावर लिहिलं, 'किरकोळ नुकसान'.

किरकोळवाल्यांना घरभाड्याची मदत नव्हती. पुढच्याच धक्क्याला मागची भिंत वीतभर कलली आणि तिथे राहायची सोय उरली नाही. कर्जाचा हप्ता बंद घराचा, भाडं दहा बाय दहाच्या खोलीचं. त्यात अर्धं शहर खोल्या शोधत फिरत होतं. परवा घरमालकीण दारातूनच म्हणाली, "मी काही तुमच्या वाईटावर नाही हो. पण दीडपट भाडं देणारे तिघं जिन्यात येऊन उभे राहतात, मी तरी काय करू?"

म्हणजे आता एक तर घर मिळेल त्या किमतीला फुंकून टाकायचं, नाहीतर फेरपाहणीवर भिस्त. खेटे घालून घालून तिने ती मिळवली होती. कचेरीतला कारकून मान वर न करता म्हणाला होता, "उद्या दुपारी. मूळ भेगा उघड्या दिसल्या पाहिजेत. पुन्हा तारीख मिळणार नाही."

संध्याकाळी जेवताना नवऱ्याचा तोल सुटला. "बाबा, भूकंपाचा पुरावा तुम्ही फुकटात लिंपून टाकलात. आता साहेबाला काय दाखवू? तुमचा हात किती साफ आहे ते?"

सासऱ्यांनी ताट पुढे सारलं.

"त्यांना नका बोलू," ती हळूच म्हणाली. "कर्णा मी ऐकला होता. त्यांना कमी ऐकू येतं. मला तर येतं ना?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "आणि हे तू आज सांगतेस?" पण दिवसभर मालाची गाडी हाकून आलेल्या माणसात चिडायचंही त्राण नव्हतं. "मला उद्या सुट्टी नाही मिळायची. गिलावा फोडणार कोण?"

"मी."

"कारखाना?"

"एका दिवसाचे कापतील. कापू देत."

तिच्या ताटातली संपलेली भाजी बघून त्याने आपल्यातली थोडी तिकडे सरकवली आणि तो हात धुवायला उठला.

ती भांडी आवरू लागली तेव्हा सासरे जवळ येऊन बसले.

"मी नाही येत, पोरी. आपण लावलेलं निघताना बघवायचं नाही."

"नकाच येऊ, बाबा."

"पण कोरडी भिंत ठोकू नकोस. आधी पाणी मार. मुरू दे. मग छिन्नी तिरपी धर. नाहीतर गिलाव्याबरोबर विटा सुटतील. पुन्हा बांधायचंय आपल्याला."

"भिजवूनच फोडीन."

"घाईत सगळे असंच म्हणतात. मजूर तर तोंडावर हो म्हणायचे आणि पाठ वळली की धाडधाड."

"मी काय तुमची मजूर आहे?"

म्हातारा कितीतरी दिवसांनी जरासा हसला. "मजुरी तर कधी दिली नाही तुला. तिथला नळ तोडलाय, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. शब्द देते, बाबा. पाण्याशिवाय छिन्नी लावणार नाही."

सकाळी नवरा कामावर गेल्यावर तिने डोळे मिटून रोजचं नामस्मरण केलं. दोन कॅन काठोकाठ भरले. छिन्नी-हातोडी पिशवीत घालून पिशवी गळ्यात अडकवली. भरलेले कॅन बसमध्ये घेत नसत. घर चढावर, चालत पाऊण तासावर. कड्या हातात रुतू नयेत म्हणून तिने त्यांना चिंध्या गुंडाळल्या, सासऱ्यांची झोप मोडू नये म्हणून दार अलगद ओढून घेतलं, आणि दोन्ही हातांनी पाणी उचलून जिना उतरू लागली.