हळू हाक

कातुंगेबाईंनी टोपलीतले आंबे एकेक करून काढले, परातीत रचले, आणि टोपली परत द्यायची सोडून ती मांडीवर धरून बसल्या.

"मुतुआची आई, एकट्याच आलात? म्वेनी नाही आली?"

"तिचा गुडघा धरलाय," कालुंदे म्हणाली.

म्वेनीने तर तिला बजावलं होतं, त्या घरी जाऊच नकोस, माणसं नैरोबीला गेलीत. पण कालुंदेचा स्वभाव आडमुठा. गावाच्या कामासाठी हरांबे, म्हणजे वर्गणीचा मेळावा, भरवला, लोकांनी हात सैल सोडला, की ज्याच्या त्याच्या दारी टोपली घेऊन आभार मानायला जायचं, ही तिची रीत. दाराला कुलूप असलं तर आंबे ओट्यावर ठेवून यायचे. आभारांना कुलूप आडवं येत नाही, असं ती म्हणायची. आणि या दारी तर आधी यायला हवं होतं. दवाखान्याच्या आवारात बाळंतिणींची खोली नुसत्या भिंतींवर उभी होती. आत बाळंतिणींऐवजी शेळ्या विणत होत्या. कातुंगेबाईंच्या नवऱ्याने, बाजारातल्या पत्र्या-खिळ्यांच्या व्यापाऱ्याने मुसेम्बीने, उठून सगळं छप्पर, दार आणि खाट कबूल केली होती.

कशी केली, हे कालुंदेला कळलं नव्हतं. सकाळभर हरांबे रडतखडत चालला होता. लिलावात एकच कोंबडी पुन्हा पुन्हा विकली जात होती. जो घेई तो रिवाजाप्रमाणे ती परत दान करी, आणि शेवटी बोली इतकी खाली आली की कोंबडीलाच लाज वाटावी. दुपारी पाहुणे जेवायला तंबूत बसले, म्वेनी त्यांना वाढत होती. कालुंदे मागे मका-घेवड्याच्या पातेल्याशी होती. कनातीच्या फटीतून तिला दिसलं, बायका डोळे पुसताहेत. तिला वाटलं, आपल्या चुलीचा धूर जातोय. तिने जळती लाकडं ओढून चूल पलीकडे नेली, तळहात भाजून घेतला.

"त्या दिवसापासून मला धड झोप नाही," कातुंगेबाई म्हणाल्या. "डोळे मिटले की ती चिंच दिसते, ती बैलगाडी दिसते. दवाखाना अजून कोसभर लांब, बाळ हातातच गेलेलं. आणि ती गाडीवानाला म्हणतेय, हळू हाक, बाळ झोपलंय."

कालुंदेने परातीतला एक आंबा उचलला. देठाला लागलेला चीक ती अंगठ्याने पुसत राहिली.

"कुणाचं बाळ?"

"कुणाचं काय? म्वेनीचं! तुम्ही एवढ्या जिवाच्या मैत्रिणी, आणि तुम्हाला ठाऊक नाही?"

म्वेनीची पाचही बाळंतपणं घरात झाली होती. पाचही पोरं धडधाकट, शेजाऱ्यांचे पपया पाडण्यात पटाईत.

गाडीवान कधीच वारला होता. 'हळू हाक' हे कालुंदेने त्या गाडीतून उतरल्यानंतर एकदाच तोंडातून काढलं होतं, टोपल्या विणता विणता, म्वेनीपाशी. म्वेनीने मान वर केली नव्हती. हातातला दोरा न सोडता नुसतं बाहीला नाक पुसलं होतं. तिने मान वर केली नाही, म्हणूनच कालुंदेला पुढचं सांगता आलं होतं.

मुसेम्बी आत आला आणि आंबे पाहून खूश झाला.

"पत्रे सोमवारी पोचतील. दारावर पाटी लावतोय, त्या बाळाच्या नावाची. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. तुम्हाला माहीत असेल?"

हा मनुष्य दुकानात छातीवर हात ठेवून सांगायचा, खोटं बोलणाऱ्याला मी रोख पैशातसुद्धा खिळा विकत नाही. कालुंदेने तोंड उघडलं. मग तिला सून आठवली, मुतुआची बायको. सातवा महिना, आणि रस्ता तोच, चिंचेखालचा.

"विचारून सांगते," ती म्हणाली.

"टोपली रिकामी कशी पाठवू?" कातुंगेबाई आतून अंगावर घ्यायचा निळा लेसो घेऊन आल्या. घडी मोडू न देता त्यांनी तो टोपलीत ठेवला. "मूल गेलेल्या बाईच्या खांद्यावर घालायचा असतो. उशीर झालाय, पण म्वेनीला द्या. माझ्या हातचा आहे म्हणून सांगा. आणि ही साखर तुम्हाला."

म्वेनी अंगणात मका कांडत होती. मुसळ वर जात होतं, खाली येत होतं. गुडघा मजेत होता.

"बरा झाला वाटतं."

मुसळ थांबलं. म्वेनीची नजर टोपलीतल्या निळ्या कापडावर गेली.

"तू तिकडे गेलीस."

कालुंदेने लेसोची घडी मोडली आणि तो तिच्या खांद्यांवर घातला. पुढे ओढून नीट केला, सुरकुती काढली.

"कातुंगेबाईंनी पाठवलाय. तुझं मूल गेलं म्हणून."

म्वेनीने तो काढला नाही, धरलाही नाही.

"कोंबडीवर कुणी बोली लावत नव्हतं," ती म्हणाली. "तू बघत होतीस ना? माणसं जेवून उठली असती आणि गेली असती. काय करायचं होतं मी? तुला पुढे करायला हवं होतं? मेलीस तरी बोलली नसतीस तू."

"नसते बोलले."

"म्हणून माझं म्हणून सांगितलं. तुझ्याकडे कुणी बघू नये म्हणून."

"माझ्यासाठी?"

म्वेनीने मुसळ उखळाला टेकवून ठेवलं. "छपरासाठी," ती म्हणाली. मग हलकेच, "पण सांगताना रडू खरंच आलं गं. देवाशपथ."

"येणारच. दुसऱ्याचं असलं की येतं. मला अजून आलेलं नाही."

एक कोंबडी उखळाभोवती सांडलेला मका टिपत होती. दोघींनीही तिला हाकललं नाही.

"मुसेम्बी पाटी रंगवतोय," कालुंदे म्हणाली. "बाळाचं नाव मागितलंय त्याने. तुला विचारून सांगते म्हटलं."

म्वेनीने तिच्याकडे बघितलं. त्या दिवशी टोपल्या विणताना खाली घातलेली मान आता वर होती.

"काय होतं गं नाव?"

कालुंदेने साखरेचा पुडा काढून उखळाशेजारी ठेवला आणि टोपली उचलली.

"काही तरी सांग ना. काय सांगू मी त्यांना?"

"सांग काही तरी. बाकीचं सांगितलंस तसं."

ती वळली तशी म्वेनी घाईघाईने ओंजळभर मका घेऊन मागे आली. या घरातून त्या घरात आणि त्या घरातून या घरात गेली कित्येक वर्षं टोपली कधी रिकामी गेली नव्हती. दुष्काळातही तळाला निदान चार दाणे असायचे.

"घे. रिकामी नेऊ नकोस, कालुंदे. शिव्या घाल, पण रिकामी नेऊ नकोस."

कालुंदेने टोपलीच्या तोंडावर भाजलेला तळहात ठेवला.

"यात जागा नाही," ती म्हणाली.

म्वेनीच्या बोटांमधून दाणे गळत राहिले.

कालुंदेने टोपलीचा पट्टा कपाळावर घेतला, टोपली पाठीवर सोडली. रस्ता खडबडीत होता. एक हात मागे नेऊन तिने टोपलीला खालून आधार दिला, आणि धक्का लागू नये अशी, हळूहळू चालत गेली.