चांदीचा लॉट

महेंद्रने पुण्याला जाऊन डिग्री आणली होती. तिथे त्याला सगळं शिकवलं, ‘चुकलो’ म्हणायचं तेवढं राहून गेलं.

१९९६ साली नगरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात तो इंजिनिअर होता. स्टीलच्या पिनांवर भट्टीत टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी, दगडासारखा कडक थर चढवायचा, हे त्याचं काम. कोल्हारकडच्या एका डेअरीने दुधाच्या पिशव्या भरायच्या यंत्रासाठी पिना मागवल्या. दुधाजवळ तेल चालत नाही, त्यामुळे पिन कोरडीच फिरणार होती. चांदीने घर्षण कमी होतं, असं महेंद्रने कुठंसं वाचलं होतं, म्हणून एका लॉटच्या थरात त्याने थोडी चांदी मिसळली.

कडकपणा मोजला आणि त्याचं धाबं दणाणलं. साध्या थराचा आकडा बावीसशे, चांदीवाल्याचा सोळाशे. कारखान्याची रीत एकच, आकडा पडला की लॉट भंगारात.

भट्टीवरचे रज्जाकभाई मात्र अडून बसले. पंचवीस वर्षं लोखंडात काढलेला माणूस. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दोन्ही पिना कोरड्याच पोलादावर घासून पाहिल्या होत्या.

“साहेब, चांदीची पिन गुमान फिरती, साधी कुरकुरती. दोन दिवस मशिनवर घासून तर बघा. कडक हाय म्हंजे टिकंलच असं न्हाई.”

आठ कामगार ऐकत होते. महेंद्रचा पारा चढला.

“सातवी शिकलेल्या माणसाने मला धातू शिकवू नये, रज्जाकभाई.”

कुणीतरी फिदीफिदी हसलं. रज्जाकभाईंनी हात पुसले आणि ते भट्टीकडे वळले. त्यानंतर ते महेंद्रशी कामापुरतंच बोलले.

चांदीचा लॉट भंगारात गेला. साध्या पिना डेअरीत गेल्या आणि दीड महिन्यात झिजून परत आल्या. ऑर्डर गेली, मालकाने कोटिंगचा विभागच बंद केला. रज्जाकभाई आणि ते आठ जण घरी बसले. महेंद्रची ऑफिसात सोय लागली. शिकलेला ना!

घासून बघायची अक्कल त्याला यायला दोन वर्षं लागली. भंगारातून वाचलेल्या दोन चांदीच्या आणि दोन साध्या पिना त्याने एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेल्या. साध्या थराचे कण तुटत होते आणि तेच कडक कण थरालाच ओरबाडत होते. मऊ चांदी मात्र मधे पसरून वंगणाचं काम करत होती. तिची झीज साध्या पिनेच्या जेमतेम तिसरा हिस्सा. चांदी जास्त झाली असती तर थर चंदनासारखा उगाळून गेला असता, पण त्याने घातली होती ती अगदी बेताची होती. स्वतःचंच बरोबर आलेलं उत्तर त्याने स्वतःच्या हाताने खोडलं होतं.

रज्जाकभाई केडगावला घरापुढे सायकली दुरुस्त करत. महेंद्रने त्यांना सगळं सांगितलं. “तुमचं खरं होतं. मला माफ करा.”

रज्जाकभाईंनी बायकोला, मुबारकबींना, चहा टाकायला सांगितला.

“माफ कवाच केलं, साहेब. पन तवा तुमी समद्यांम्होरं बोलला हुता. हे बी समद्यांम्होरं बोलला असता, तर लई बरं वाटलं असतं.”

ते आठ जण पोटापाण्यासाठी कुठं कुठं पांगले होते, आणि त्यांच्या लेखी रज्जाकभाई अजूनही अडाणीच होते.